व्यक्ती तितक्या रचना : मानवी शरीरातील रचनाभेद आणि रुग्णाची सुरक्षितता

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपण माणसांच्या स्वभावाविषयी बोलताना सहजपणे वापरतो. शरीराच्या बाह्य ठेवणीबाबतही तिचा प्रत्यय पदोपदी येतो. उंची, वर्ण, नाकडोळे, तळहातावरील रेषा यांपैकी कोणतीही गोष्ट दोन माणसांत तंतोतंत सारखी नसते. त्वचेच्या आत मात्र सर्व माणसे एकाच साच्यातून काढलेली असावीत, अशी आपली समजूत असते. शाळेच्या भिंतीवर टांगलेला मानवी शरीराचा तक्ता ही समजूत अधिकच दृढ करतो. हृदय डावीकडे, यकृत उजवीकडे, आंत्रपुच्छ म्हणजे अपेंडिक्स ओटीपोटाच्या उजव्या बाजूस आणि पाठीशी दोन मूत्रपिंडे, हे आपण बालपणी पाठ करतो आणि जन्मभर ते तसेच असल्याचे गृहीत धरतो.

वस्तुस्थिती काहीशी निराळी आहे. बहुसंख्य माणसांत ही रचना तक्त्याप्रमाणेच असली, तरी प्रत्येक शरीरात कोठे ना कोठे तक्त्याशी न जुळणारा एखादा तपशील असतोच. एखादी रक्तवाहिनी नेहमीच्या वाटेने न जाता दुसऱ्या वाटेने जाते, एखादा स्नायू जन्मतःच नसतो, एखादा मणका अधिक असतो. क्वचित प्रसंगी संपूर्ण अंतर्भागच आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटा असतो. अशा व्यक्तीला त्याचा काही त्रास होत नाही व बहुधा त्याची जाणीवही नसते. पण तीच व्यक्ती आजारी पडून रुग्णालयात आली, तिला सुई टोचण्याची वा तिच्यावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, की या लहानशा भेदाला एकाएकी मोठे महत्त्व प्राप्त होते.

एका उदाहरणाची कल्पना करू. चाळिशीतील एक शेतकरी ओटीपोटात डाव्या बाजूला तीव्र वेदना होत असल्याची तक्रार घेऊन आरोग्य केंद्रात येतो. ताप आहे, उलट्या होत आहेत. हीच वेदना उजवीकडे असती, तर आंत्रपुच्छाच्या दाहाची शंका प्रथम आली असती. डावीकडे असल्यामुळे मूतखडा किंवा आतड्याचा अन्य विकार यांचा विचार सुरू होतो. परंतु या माणसाचे सर्व अवयव जन्मतःच उलट बाजूस आहेत आणि त्याचे आंत्रपुच्छ डावीकडेच आहे. छाती तपासताना हृदयाचे ठोके उजवीकडे स्पष्ट ऐकू येतात, हे तपासणाऱ्याच्या ध्यानात आले, तर निदान वेळेवर होते. ते ध्यानात आले नाही, तर आंत्रपुच्छ फुटून प्राणावर बेतू शकते. रचनाभेदांचे ज्ञान हा केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय का नाही, हे यावरून लक्षात यावे.

तक्त्यातील माणूस कोठून आला?

शरीराच्या आतील रचनेचा शोध घेण्याचा प्रयत्न आपल्या देशात फार प्राचीन काळी झाला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह गवतादिकांनी वेष्टून वाहत्या पाण्यात ठेवावा व सात दिवसांनी तो हळूहळू घासून एकेक थर पाहत जावा, अशी पद्धत सांगितली आहे. प्रत्यक्ष पाहिलेले व शास्त्रात वाचलेले यांची सांगड घालावी, हा सुश्रुताचा आग्रह आजही तितकाच योग्य वाटतो. वेदवाद्यांच्या मते हाडांची संख्या ३६० असली, तरी शल्यतंत्रात ती ३०० मानतात, अशीही नोंद त्या ग्रंथात आहे. आजचे शास्त्र प्रौढ माणसाची हाडे २०६ असल्याचे सांगते. पण तीही सर्वसाधारण संख्या होय. कवटीच्या सांध्यांत लहान लहान जादा हाडे असणारी किंवा एखादी बरगडी अधिक असणारी माणसे शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासकांना नेहमीच आढळतात.

युरोपात गॅलेन या प्राचीन वैद्याचे लेखन सुमारे तेराशे वर्षे प्रमाण मानले गेले. त्याने मुख्यत्वे माकडे, डुकरे व अन्य प्राण्यांचे विच्छेदन करून मानवी शरीराविषयी अनुमाने काढली होती. आंद्रेआस व्हेसेलियस याने स्वतः मानवी देहांचे विच्छेदन करून १५४३ मध्ये आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गॅलेनच्या अनेक चुका दाखवून दिल्या. त्या वेळी व्हेसेलियसचे गुरू सिल्व्हियस यांनी असा युक्तिवाद केला की, गॅलेन चुकलेला नाही, त्याच्या काळानंतर माणसाचे शरीरच बदलले आहे! पुस्तकावरील श्रद्धा डोळ्यांपुढील पुराव्यापेक्षा बलवत्तर ठरली, की काय होते याचे हे उत्तम उदाहरण होय.

आधुनिक काळात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या ज्या ग्रंथावर वाढल्या, तो हेन्री ग्रे यांचा ‘ॲनॅटमी’ हा ग्रंथ १८५८ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी काढली होती. या कार्टर यांचा आपल्या राज्याशी निकटचा संबंध आहे, हे फारसे कोणास ठाऊक नसते. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी ते हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत दाखल झाले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकविले, साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून काम केले व पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यपदही भूषविले. कुष्ठरोगावरील त्यांचे संशोधन येथेच झाले.

कार्टर यांच्यासारख्यांच्या चित्रांनी शरीररचनेचे शिक्षण सुलभ केले, यात शंका नाही. पण चित्राला एकच रूप दाखवावे लागते. शंभर देहांत जे सर्वांत अधिक वेळा दिसले, ते चित्रात येते. उरलेल्यांचा उल्लेख तळटीपेत जातो. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या वर्तुळाचे उदाहरण यासंबंधात बोलके आहे. थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये वर्णन केलेले हे वर्तुळ प्रत्येक पुस्तकात पूर्ण व सुडौल दाखविलेले असते. प्रत्यक्षात ते तसे परिपूर्ण असणारी माणसे निम्म्यांहूनही कमी आढळतात. म्हणजे येथे तळटीपेतील माणसांचीच संख्या अधिक आहे.

भेद, व्यंग आणि आजार

रचनाभेद म्हणजे आजार नव्हे, ही गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. ज्या भेदामुळे शरीराच्या नेहमीच्या कार्यात बाधा येत नाही, त्याला रचनाभेद म्हणतात. ज्यामुळे जन्मतःच कार्यात अडथळा येतो, उदाहरणार्थ हृदयाच्या पडद्याला छिद्र असणे, ते जन्मजात व्यंग होय. या दोहोंमधील सीमारेषा प्रत्येक वेळी ठळक असतेच असे नाही. तथापि हा फरक ध्यानात ठेवला, म्हणजे विनाकारण भीती किंवा न्यूनगंड निर्माण होत नाही.

हे भेद का निर्माण होतात, याचे उत्तर गर्भाच्या वाढीत सापडते. मातेच्या उदरात अवयव एकदम आपल्या जागी तयार होत नाहीत. मूत्रपिंडे प्रथम ओटीपोटात तयार होतात आणि हळूहळू वर सरकून कमरेच्या वरच्या भागात येतात. या प्रवासात खालच्या रक्तवाहिन्या सोडून देत ती वरच्या नव्या रक्तवाहिन्यांशी जोडली जातात. जुनी वाहिनी नाहीशी झाली नाही, तर मूत्रपिंडाला एकाऐवजी दोन वा तीन रोहिण्या राहतात. दोन्ही मूत्रपिंडांची खालची टोके एकमेकांस चिकटली, तर घोड्याच्या नालाच्या आकाराचे एकच मूत्रपिंड बनते आणि वर सरकताना ते मधल्या एका रोहिणीखाली अडकून राहते. अशी माणसे ४०० ते ५०० मध्ये एक आढळतात. निसर्गाची ही बांधणी गावातील जुन्या वाड्यासारखी असते. नवे दालन बांधताना जुनी भिंत कधी पाडली जाते, कधी तशीच राहते. वाडा मात्र राहण्याजोगा असतो.

हृदय उजवीकडे असणारी माणसे

छाती व पोट यांतील सर्व अवयव उलट बाजूस असण्याचा प्रकार सुमारे १० हजारांत एका व्यक्तीत आढळतो. इंग्लंडमधील मॅथ्यू बेली यांनी १७८८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. अशा बहुतेक व्यक्ती निरोगी आयुष्य जगतात. कारण सर्वच अवयव एकत्रितपणे उलटे असल्याने त्यांचे परस्परसंबंध बिघडत नाहीत.

डावे-उजवे ठरते तरी कसे, याचाही उलगडा आता झाला आहे. गर्भाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेत काही पेशींवरील अतिसूक्ष्म केस विशिष्ट दिशेने फिरतात व सभोवतीचा द्रव डावीकडे वाहता ठेवतात. त्या प्रवाहावरून गर्भाला आपली डावी बाजू कोणती ते कळते. हे केस जन्मतःच निष्क्रिय असतील, तर डावे-उजवे ठरणे केवळ योगायोगावर अवलंबून राहते आणि अशा व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांचे अवयव उलटे होतात. श्वासमार्गातील कफ बाहेर ढकलणारे केसही याच जातीचे असल्याने त्यांना सर्दी, नाकाजवळील पोकळ्यांचा दाह आणि फुप्फुसांचा विकार वारंवार होतो. स्वित्झर्लंडमधील मानेस कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये या लक्षणसमूहाकडे लक्ष वेधले. म्हणूनच हृदय उजवीकडे असलेल्या बालकास सतत खोकला येत असेल, तर त्याची तपासणी तज्ज्ञाकडून करून घेणे अगत्याचे ठरते.

अशा व्यक्तीचा हृदयालेख काढताना छातीवरील जोडण्या उजव्या बाजूस लावाव्या लागतात. अन्यथा आलेख चुकीचा येतो. क्ष-किरण चित्रावर ‘डावी’ व ‘उजवी’ या खुणा अचूक असणे किती आवश्यक आहे, हेही येथे कळते. खूण नसलेले चित्र उलटे धरले गेले, तर निरोगी माणूस उलट रचनेचा भासतो आणि उलट रचनेचा माणूस चारचौघांसारखा दिसतो.

आंत्रपुच्छाची भटकंती

सर्व अवयव जागच्या जागी असूनही आंत्रपुच्छाचे टोक कोठे असेल, याची शाश्वती नसते. ते मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागामागे दडलेले असू शकते, ओटीपोटाच्या पोकळीत लोंबकळत असू शकते किंवा अन्य दिशेस वळलेले असू शकते. अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये पोटावरील ज्या बिंदूचे वर्णन केले, तेथे दाबल्यावर दुखणे ही आंत्रपुच्छदाहाची प्रसिद्ध खूण होय. पण टोक आतड्यामागे असेल, तर पोटावर दाबून फारसे दुखत नाही. वेदना कुशीत वा पाठीत जाणवते. टोक मूत्राशयाजवळ असेल, तर लघवीला जळजळ होते व मूत्रविकाराचा भास होतो. गरोदर स्त्रीत वाढत्या गर्भाशयामुळे आंत्रपुच्छ वर ढकलले जाते आणि दुखण्याची जागाही बदलते.

यातून सर्वसामान्य माणसाने घ्यावयाचा बोध साधा आहे. पोटात तीव्र वेदना होऊन ती वाढत असेल, सोबत ताप व उलट्या असतील, तर ‘दुखते ती जागा अपेंडिक्सची नव्हे’ असा निर्णय घरच्या घरी घेऊ नये आणि शेक, मालीश किंवा जुलाब यांत वेळ दवडू नये.

मूत्रपिंड : एक की दोन?

हजार ते दोन हजार माणसांत एखादी व्यक्ती एकाच मूत्रपिंडासह जन्माला येते. ते एकटे मूत्रपिंड आकाराने थोडे वाढते आणि दोघांचे काम बिनबोभाट करते. आता समजा, अशा व्यक्तीच्या पोटाला अपघातात मार लागला आणि जखमी मूत्रपिंड काढून टाकण्याचा प्रसंग आला. दुसरे मूत्रपिंड आहे की नाही, याची खात्री न करता ते काढले गेले, तर तो रुग्ण कायमचा यंत्रावर अवलंबून राहील. म्हणूनच एक मूत्रपिंड काढण्यापूर्वी दुसरे अस्तित्वात आहे व कार्यक्षम आहे, याची खात्री करणे हा शल्यचिकित्सेतील मूलभूत नियम मानला जातो.

मूत्रपिंड प्रत्यारोपणात रचनाभेदांना विशेष स्थान आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास यशस्वीपणे बसविले, तेव्हापासून या शस्त्रक्रियेने मोठी मजल मारली आहे. सुमारे एक चतुर्थांश माणसांत मूत्रपिंडाला एकाहून अधिक रोहिण्या असतात. यांपैकी प्रत्येक रोहिणी मूत्रपिंडाच्या ठरावीक भागाचे पोषण करते. तिच्याऐवजी ते काम करणारी दुसरी वाहिनी नसते. बारीक वाटली म्हणून एखादी कापली गेली, तर तेवढा भाग मृत होतो. यास्तव दात्याच्या रक्तवाहिन्यांचा नकाशा सी. टी. स्कॅनच्या साहाय्याने अगोदर तयार करण्यात येतो आणि कोणत्या बाजूचे मूत्रपिंड घ्यावे, हे त्यावरून ठरविले जाते. आई आपल्या मुलाला मूत्रपिंड देते, तेव्हा दोन जिवांची सुरक्षितता या नकाशावर अवलंबून असते.

पित्ताशयाची शस्त्रक्रिया : थांबण्याचे महत्त्व

पित्ताशयातील खड्यांसाठी पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिन येथे केली. आता ती बहुतांशी दुर्बिणीच्या साहाय्याने होते. भारतात दुर्बिणीद्वारे अशी पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी केली. जखम लहान, वेदना कमी आणि रुग्ण लवकर घरी, असे तिचे फायदे आहेत.

परंतु शरीराच्या ज्या भागात ही शस्त्रक्रिया होते, तो रचनाभेदांचे जणू आगरच आहे. पित्ताशयाची नळी मुख्य पित्तवाहिनीला कोठे व कशी मिळेल, याचा नेम नसतो. कधी ती मुख्य वाहिनीला चिकटून बरीच खाली जाते, तर कधी यकृताच्या उजव्या बाजूकडून येणाऱ्या वाहिनीला मिळते. यकृताकडे जाणारी उजवी रोहिणीही काही व्यक्तींत निराळ्या उगमाची असते. पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तवाहिनीच कापली गेली, तर रुग्णाला कावीळ, जंतुसंसर्ग व पुन्हा मोठी शस्त्रक्रिया यांना तोंड द्यावे लागते.

हा धोका टाळण्यासाठी १९९५ मध्ये स्टीव्हन स्ट्रासबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दंडक मांडला. तो जगभर स्वीकारला गेला आहे. पित्ताशयाच्या मानेजवळील भाग पूर्णपणे स्वच्छ करावा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करावा आणि पित्ताशयाकडे फक्त दोनच रचना, एक नळी व एक रोहिणी, जाताना स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापू नये, असा त्याचा आशय आहे. तसे दिसत नसेल, तर शस्त्रक्रियेची पद्धत बदलावी किंवा पोट उघडून पाहावे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुरू होऊन नंतर पोट उघडावे लागले, की नातेवाइकांना ते डॉक्टरांचे अपयश वाटते. पुष्कळदा ती प्रत्यक्षात सावधगिरी असते. गावातील जाणत्या मंडळींनी ही गोष्ट लोकांना समजावून सांगितल्यास रुग्णालयांतील अनेक कटू प्रसंग टळतील.

मान, मणके आणि मज्जातंतू

आवाज नियंत्रित करणारा मज्जातंतू प्रथम छातीच्या दिशेने खाली उतरतो, एका मोठ्या रोहिणीला वळसा घालतो आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे येतो. उजव्या बाजूस मात्र शंभरांत एकाहूनही कमी व्यक्तींत तो असा वळसा न घेता सरळ स्वरयंत्राकडे जातो. गळ्यातील अवटू ग्रंथीची, म्हणजे थायरॉइडची शस्त्रक्रिया करताना तो नेहमीच्या जागी सापडला नाही आणि अनवधानाने कापला गेला, तर रुग्णाचा आवाज कायमचा घोगरा होऊ शकतो. शिक्षक, कीर्तनकार किंवा वकील यांच्या दृष्टीने ही हानी उपजीविकेलाच धक्का देणारी ठरते.

कमरेत सामान्यतः पाच मणके असतात. काही व्यक्तींत पाचवा मणका खालच्या त्रिकास्थीशी जोडला जातो, तर काहींत त्रिकास्थीचा वरचा मणका सुटा होऊन सहावा भासतो. पाठीच्या शस्त्रक्रियेत मणके मोजण्याची सुरुवातच चुकली, तर शस्त्रक्रिया निरोगी मणक्यावर होण्याचा धोका असतो. मानेतून निघणारी जादा बरगडी हाही असाच एक भेद. तिच्या दाबामुळे हाताला मुंग्या येतात, हात गळतो आणि रोगी मात्र हाताच्या दुखण्यावर वर्षानुवर्षे औषध लावीत राहतो.

ग्रामीण आरोग्यसेवेच्या पातळीवर

रचनाभेदांचा संबंध केवळ मोठ्या शहरातील शस्त्रक्रियागृहांशी आहे, असे मानणे चुकीचे होईल. साधे इंजेक्शन देतानाही त्यांचे भान ठेवावे लागते. पायाकडे जाणारा मोठा मज्जातंतू बहुतेकांत नितंबातील एका स्नायूच्या खालून बाहेर येतो. सुमारे दहांतील एका व्यक्तीत तो स्नायूला भेदून किंवा दोन भागांत विभागून येतो. म्हणूनच नितंबावर इंजेक्शन द्यावयाचे झाल्यास ते वरच्या व बाहेरच्या चतुर्थांश भागातच द्यावे, असा दंडक आहे. लहान बालकांना स्नायूत द्यावयाच्या लसी मांडीच्या पुढील बाहेरच्या बाजूस टोचण्यात येतात, त्यामागेही या मज्जातंतूपासून दूर राहण्याचा हेतू आहे. सुईनंतर पाऊल लुळे पडल्याच्या घटना अप्रशिक्षित व्यक्तींकडून सुई घेण्याच्या सवयीशी पुष्कळदा निगडित असतात.

कोपराच्या पुढील बाजूस शिरेतून औषध देतानाही असाच प्रश्न उद्भवतो. काही थोड्या व्यक्तींत तेथे एक रोहिणी त्वचेच्या अगदी लगत असते. तिला नीला समजून औषध टोचले, तर बोटे काळी पडून ती गमावण्याची वेळ येऊ शकते. सुई टोचण्यापूर्वी, हाताला पट्टा बांधण्याच्याही आधी, तेथे नाडीचे ठोके लागतात काय, हे बोटाने चाचपून पाहणे हा त्यावरील बिनखर्चाचा उपाय होय.

वर्गात करून पाहण्याजोगा एक साधा प्रयोग येथे नमूद करावासा वाटतो. अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला लावावे आणि मनगट किंचित आत वाकवावे. बहुतेकांच्या मनगटाच्या मध्यभागी एक दोरीसारखी कंडरा उठून दिसेल. ‘पामारिस लाँगस’ नावाच्या स्नायूची ही कंडरा होय. काहींच्या एका वा दोन्ही हातांत ती दिसणार नाही, कारण तो स्नायूच त्यांना नसतो. जगातील शंभरांत सुमारे १५ जणांत तो नसल्याचे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आशियातील अनेक लोकसमूहांत हे प्रमाण कमी आहे. त्याच्या अभावी हाताची पकड कमी होत नाही. म्हणूनच हाताच्या दुसऱ्या तुटलेल्या कंडरेच्या दुरुस्तीसाठी शल्यविशारद हीच कंडरा काढून वापरतात. अर्थात ती आहे की नाही, हे अगोदर तपासूनच. एकाच वर्गातील मुलांत असा भेद प्रत्यक्ष दिसला, की तक्त्यातील माणूस आणि खरा माणूस यांतील अंतर विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

देहदान : भेद शिकविणारे गुरुजन

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यापासून जिवंत शरीराच्या आत डोकावण्याचा मार्ग खुला झाला. सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन, एम. आर. आय. या साधनांनी आज अनेक रचनाभेद शस्त्रक्रियेपूर्वीच उघड होतात. तरीही मृतदेहाच्या विच्छेदनाला पूर्ण पर्याय निर्माण झालेला नाही. भावी डॉक्टर आपल्या हातांनी एकेक थर उलगडतो, शेजारच्या मेजावरील देहाशी तुलना करतो आणि पुस्तकात एक व समोर दुसरेच, हा अनुभव घेतो. पुढे रुग्णाच्या शरीरात अनपेक्षित काही दिसले, तर थबकण्याची सवय त्याला याच कक्षात लागते.

यासाठी देह उपलब्ध झाले पाहिजेत. आपल्या राज्यात १९४९ चा शरीररचनाशास्त्र अधिनियम लागू असून, बेवारस तसेच दान केलेले मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी संस्थांना देण्याची तरतूद त्यात आहे. इच्छुकांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे इच्छापत्र भरून द्यावे आणि कुटुंबीयांना विश्वासात घ्यावे. मृत्यूनंतर देह पोहोचविण्याचे काम अखेर त्यांनाच करावयाचे असते. दधिची ऋषींनी लोककल्याणासाठी आपल्या अस्थी दिल्याची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. देहदान करणारी व्यक्ती आजच्या काळात त्याच परंपरेत बसते.

आपण काय करू शकतो?

या विषयाचा शेवट डॉक्टरांच्या कर्तव्यांवर करून चालणार नाही. काही गोष्टी नागरिकांच्या व लोकप्रतिनिधींच्याही हाती आहेत.

पहिली गोष्ट नोंदीची. एखाद्या तपासणीत रचनाभेद आढळल्यास डॉक्टरांकडून तो स्वच्छ शब्दांत लिहून घ्यावा, तो कागद रेशनकार्डाइतकाच जपून ठेवावा आणि पुढील प्रत्येक डॉक्टरला आरंभीच दाखवावा. रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास उपचारांची कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावीत, अशी तरतूद भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे. घरातील किमान एका जाणत्या माणसाला ही माहिती असावी; बेशुद्ध रुग्ण स्वतः काही सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. तक्ता शिकविताना ‘बहुतेक माणसांत असे असते’ एवढे एक वाक्य अवश्य जोडावे. शाळेतील आरोग्य तपासणीत एखाद्या मुलाचे हृदय उजवीकडे असल्याचे आढळले, तर त्याची चेष्टा होऊ देऊ नये आणि पालकांना धीर द्यावा. हा कोणाच्या शापाचा वा ग्रहणाचा परिणाम नव्हे, हे गावात ठामपणे सांगण्याचा अधिकार शिक्षकांइतका दुसऱ्या कोणास नाही.

तिसरी गोष्ट पंचायत सदस्यांची व अधिकाऱ्यांची. अप्रशिक्षित व्यक्तींकडून सुई टोचून घेण्याच्या प्रथेला आळा घालणे, ग्रामसभेत देहदानाची माहिती देणे आणि रुग्णालयात वादाचा प्रसंग उद्भवल्यास प्रथम डॉक्टरांचे म्हणणे ऐकून घेण्यास लोकांना प्रवृत्त करणे, ही कामे त्यांनाच करता येतील. निष्काळजीपणा झाला असेल, तर दाद जरूर मागावी; पण शरीराच्या आतील अनपेक्षित रचनेमुळे आलेली अडचण आणि निष्काळजीपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा विवेक सुटू देऊ नये.

शाळेच्या भिंतीवरचा तक्ता खाली उतरविण्याचे कारण नाही. बहुसंख्यांची ओळख त्यावरूनच होते. मात्र उपचारासाठी येतो तो बहुसंख्यांचा प्रतिनिधी नसून एक विशिष्ट माणूस असतो आणि त्याचे शरीर त्याचेच असते. त्याची तपासणी करणाऱ्याने तक्ता लक्षात ठेवावा, पण विश्वास समोरच्या देहावर ठेवावा. रुग्णानेही आपल्याविषयी जे ठाऊक असेल, ते संकोच न बाळगता सांगावे. डॉक्टर व रुग्ण यांनी एवढे पथ्य पाळले, तर रचनाभेदामुळे उद्भवणारी पुष्कळशी संकटे येण्यापूर्वीच टळतील.